कारखान्याच्या सांडपाण्यातील जादा गाळ: का वाढतो, किती काढायचा आणि जातो कुठे?

कारखान्यातील सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात, म्हणजे रोजच्या बोलीतल्या ईटीपीत, गढूळ आणि वासाचे पाणी आत जाते आणि बऱ्यापैकी नितळ पाणी बाहेर येते. मधल्या मधे घाण नाहीशी झाली असे वाटते. प्रत्यक्षात तिचा काही भाग कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो आणि बाकीचा गाळ होऊन टाकीतच राहतो. पाणी जितके नीट शुद्ध होईल तितका हा गाळ अधिक. तो रोज तयार होतो, त्यामुळे रोज बाहेरही पडावा लागतो. चालकाने हिशेबाने काढला तर तो गाळाच्या वाटेने जातो. काढला नाही तर एक दिवस शुद्ध पाण्याच्या वाटेने निघतो आणि नाल्यात पोहोचतो. तिसरी वाट नाही.

ही साधी गोष्ट लक्षात न घेतल्याने अनेक प्रकल्प अडचणीत येतात. यंत्रे चालू असतात, रसायने पडत असतात, तरी बाहेरचे पाणी मधूनच तपकिरी होते, वीजबिल वाढते, नमुना नापास होतो. कारण शोधायला गेले की बहुतेक वेळा गाळाच्या नोंदवहीत आठवडेच्या आठवडे कोरे सापडतात.

गाळ म्हणजे नेमके काय?

औद्योगिक प्रकल्पात दोन अगदी वेगळ्या गोष्टींना गाळ म्हणतात. पहिला रासायनिक गाळ. चुना, तुरटी, हिराकस किंवा पीएसी टाकल्यावर पाण्यातले बारीक कण, रंग आणि धातू एकत्र येऊन खाली बसतात तो हा. दुसरा जैविक गाळ. एरेशन टाकीत ब्लोअरने हवा सोडली की पाण्यातील सेंद्रिय पदार्थ खाऊन जिवाणू वाढतात, एकमेकांना चिकटून त्यांचे तपकिरी पुंजके होतात आणि हे पुंजके पुढच्या टाकीत, म्हणजे क्लॅरिफायरमध्ये, तळाशी बसतात.

जैविक गाळाच्या शोधाची कथा गमतीची आहे. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या डेव्हीहल्म येथे एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडण्याचे प्रयोग केले आणि १९१४ मध्ये ते जाहीर केले. सांडपाण्यात हवा सोडून पाहणे नवे नव्हते. नवे होते ते असे की प्रयोगानंतर खाली बसलेला साका त्यांनी फेकला नाही. वरचे पाणी काढून त्याच साक्यावर ताजे सांडपाणी ओतले. प्रत्येक फेरीत साका वाढत गेला आणि शुद्धीकरणाला लागणारा वेळ आठवड्यांवरून तासांवर आला. या साक्याला त्यांनी ‘ॲक्टिव्हेटेड स्लज’, म्हणजे सक्रिय गाळ, असे नाव दिले. त्यांना ही दिशा दाखवणारे गिल्बर्ट फाउलर १९१६ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. गाळ राखून ठेवण्याच्या कल्पनेवर ही पद्धत उभी राहिली आणि तेव्हापासून तिचा सर्वांत मोठा प्रश्न गाळ काढण्याचा आहे.

आजही रचना तीच आहे. क्लॅरिफायरच्या तळाचा बराचसा गाळ पंपाने एरेशन टाकीत परत जातो, कारण कामाचे जिवाणू त्यातच असतात. रोजची जी वाढ होते तेवढाच भाग बाहेर काढायचा असतो. ‘जादा गाळ’ म्हणतात तो एवढाच.

रोज किती गाळ तयार होतो?

याचा अंदाज कागदावर पाच मिनिटांत काढता येतो. समजा, एका दुग्धप्रकल्पातून रोज ५०० घनमीटर सांडपाणी येते आणि त्याची बीओडी लिटरमागे १,२०० मिलिग्रॅम आहे. बीओडी म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, अर्थात जिवाणूंच्या खाद्याचे माप. या हिशेबाने रोज ६०० किलो बीओडी आत येते. बाहेरच्या पाण्यात लिटरमागे ३० मिलिग्रॅम, म्हणजे १५ किलो उरते. मधले ५८५ किलो जिवाणूंनी खाल्ले. जास्त वेळ हवा देणाऱ्या प्रकल्पात खाल्लेल्या दर किलोमागे साधारण ०.४ किलो कोरडा गाळ तयार होतो असे धरतात. म्हणजे रोज सुमारे २३४ किलो.

शुद्ध पाण्याबरोबर थोडे कण जातातच. ते लिटरमागे ५० मिलिग्रॅम असले तर २५ किलो त्या वाटेने गेले. राहिलेले २०९ किलो रोज काढायला हवेत. क्लॅरिफायरच्या तळाचा गाळ अजून पातळच असतो. त्यात ०.८ टक्के घन आणि बाकी पाणी असे धरले तर २०९ किलोंसाठी रोज सुमारे २६ घनमीटर गाळ उपसावा लागतो. हा आकडा ऐकून अनेक व्यवस्थापक दचकतात, कारण त्यांच्या प्रकल्पात आठवड्यातून एकदा अर्धा तास झडप उघडली की काम झाले अशी समजूत असते.

०.४ हा गुणक सगळीकडे सारखा नसतो. टाकीत गाळ कमी दिवस राहिला तर तो ०.५ किंवा ०.६ पर्यंत जातो. जास्त दिवस राहिला तर उपाशी जिवाणू स्वतःचाच साठा जाळतात आणि गाळ थोडा घटतो. पण शून्य कधीच होत नाही.

काढला नाही तर?

याच प्रकल्पाची एरेशन टाकी १,२०० घनमीटरची आहे आणि तिच्यातील गाळाचे प्रमाण, ज्याला चालक एमएलएसएस म्हणतात, लिटरमागे ३,५०० मिलिग्रॅम आहे असे समजू. टाकीत ४,२०० किलो कोरडा गाळ झाला. पंप बिघडला किंवा वाळवणीला जागा नाही म्हणून दहा दिवस गाळ काढलाच नाही, तर एमएलएसएस ५,२०० च्या पुढे जाते.

सुरुवातीला काहीच बिघडलेले दिसत नाही, उलट पाणी नेहमीपेक्षा नितळ वाटते. इथेच फसगत होते. वाढलेल्या जिवाणूंना श्वासासाठी जास्त हवा लागते, त्यामुळे ब्लोअर पूर्ण चालवूनही विरघळलेला प्राणवायू खाली येतो. टाकीवर गडद तपकिरी, चिकट फेस साचतो. क्लॅरिफायरमधील गाळाचा थर रोज थोडा वर चढतो. तळाशी अडकून राहिलेल्या गाळात प्राणवायू संपला की जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरू लागतात, नायट्रोजन वायूचे बुडबुडे सुटतात आणि गाळाचे ढेप तरंगत वर येतात. एखाद्या दिवशी पाण्याचा जोर वाढला की थर सरळ काठावरून वाहतो.

गाळ अजिबात काढला नाही आणि प्रकल्प तसाच चालू राहिला, तर शेवटी जितका तयार होतो तितका पाण्याबरोबर जाऊ लागतो. वरच्या उदाहरणात २३४ किलो भागिले ५०० घनमीटर, म्हणजे लिटरमागे सरासरी ४६८ मिलिग्रॅम. नदी-नाल्यात सोडण्याच्या पाण्यासाठी तरंगत्या घन कणांची सर्वसाधारण मर्यादा १०० आहे. आणि हा गाळ रोज सारखा जात नाही. आठ दिवस पाणी नितळ आणि नवव्या दिवशी चॉकलेटी लोट, असा त्याचा स्वभाव असतो. त्याच दिवशी कोणी नमुना घेतला तर ‘आमचे पाणी रोज छान असते’ हे म्हणणे खरे असूनही उपयोगाचे नसते.

तीस मिनिटांची चाचणी आणि एक नेहमीची गफलत

प्रत्येक प्रकल्पात एक लिटरचा मोजनळा असतो. त्यात एरेशन टाकीचे पाणी भरून तीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि गाळ किती मिलिलिटरवर बसला ते पाहायचे. चाचणी सोपी आहे, म्हणूनच ती एकटीवर विसंबण्याचा मोह होतो.

समजा, गाळ ६०० मिलिलिटरवर बसला. याचा अर्थ गाळ जास्त झाला का? सांगता येत नाही. एमएलएसएस ६,००० असेल तर एक ग्रॅम गाळाने १०० मिलिलिटर जागा घेतली. या आकड्याला एसव्हीआय म्हणतात आणि १०० म्हणजे गाळ प्रकृतीने उत्तम आहे, फक्त फार झाला आहे. तो काढायला हवा. पण एमएलएसएस २,५०० असेल तर एसव्हीआय २४० येतो. म्हणजे गाळ मुळात कमीच आहे, पण फुगलेला आहे. त्यात धाग्यासारखे जिवाणू माजलेले असतात आणि ते पुंजक्यांना दाटू देत नाहीत. कारणे वेगळी असतात: हवा कमी पडणे, पाण्यात सल्फाइड येणे, नत्र-स्फुरदाची कमतरता, किंवा खाद्य फारच कमी असणे. अशा वेळी जोरात गाळ काढला तर उरलेसुरले जिवाणूही जातात आणि फुगवटा तसाच राहतो.

प्रयोगशाळा जवळ नसेल तर आणखी एक युक्ती आहे. त्याच नमुन्यात तितकेच शुद्ध झालेले पाणी मिसळून पुन्हा तीस मिनिटे ठेवायचे. आता गाळ झपाट्याने खाली गेला आणि वर पाण्याचा मोठा थर आला, तर अडचण गर्दीची होती. तरीही तो वरच लोंबकळत राहिला तर अडचण गाळाच्या प्रकृतीची आहे. दोन मोजनळ्यांच्या या चाचणीने चुकीच्या दिशेने घेतलेले बरेच निर्णय टळतात.

किती आणि कसा काढायचा?

टाकीतील एकूण गाळाला रोज बाहेर पडणाऱ्या गाळाने भागले की गाळाचे वय मिळते. वरच्या उदाहरणात ४,२०० भागिले २३४, म्हणजे सुमारे १८ दिवस. जिवाणूंचा सरासरी मुक्काम इतके दिवस असतो. प्रकल्प सांभाळणे म्हणजे बऱ्याच अंशी हे वय स्थिर ठेवणे.

ते फार कमी झाले तरी नुकसान असते. गाळ कोवळा राहतो, पांढरा हलका फेस येतो, पाणी धूसर राहते. अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू सावकाश वाढतात, त्यामुळे भराभर गाळ काढला की तेच आधी धुऊन निघतात. औषध किंवा रंगद्रव्याच्या कारखान्यात अवघड रसायने पचवणारे जिवाणू तयार व्हायला आठवडे जातात. चालकाला गाळ काढायची भीती वाटते ती यामुळेच. शेण, गूळ, युरिया घालून महिना-दीड महिना खपून वाढवलेला ‘कल्चर’ कोण सोडून देईल? सुरुवातीच्या दिवसांत ही काळजी बरोबर असते. प्रकल्प स्थिरावल्यावर तीच सवय अंगाशी येते. काही ठिकाणी पाणी बिघडले की पुन्हा शेण टाकतात. त्यातला न कुजणारा काडीकचरा टाकीत भर घालतो आणि एमएलएसएसचा आकडा फुगवतो, काम करणारे जिवाणू मात्र तितके वाढत नाहीत.

व्यवहारात दोन गोष्टी उपयोगी पडतात. पहिली, रोज थोडा गाळ काढणे. आठवड्याचा गाळ एका दिवशी काढला की टाकीला धक्का बसतो आणि वाळवणीचीही तारांबळ उडते. दुसरी, बदल सावकाश करणे. आज काढला त्याचा खरा परिणाम दिसायला गाळाच्या वयाच्या दोन-तीन पट दिवस लागतात, म्हणून काढण्याचे प्रमाण एका वेळी दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त बदलू नये. काल जास्त काढला, आज पाणी धूसर दिसले म्हणून बंद केला, परवा थर चढला म्हणून पुन्हा उपसला, अशा झोक्यावर प्रकल्प कधी बसत नाही.

गाळ क्लॅरिफायरच्या तळातून काढला तर तो दाट असतो आणि आकारमान कमी लागते. पण त्याची दाटी तासागणिक बदलते, त्यामुळे नेमका किती किलो गेला ते मोजल्याशिवाय कळत नाही. लहान प्रकल्पात थेट एरेशन टाकीतून काढण्याची पद्धत त्या मानाने निर्धोक. गाळाचे वय २० दिवस ठेवायचे तर रोज टाकीच्या आकारमानाचा विसावा भाग काढायचा, की झाले. पाण्याबरोबर जाणाऱ्या कणांपुरता किंचित फरक पडतो, पण एमएलएसएस रोज मोजण्याची गरज राहत नाही. अडचण एवढीच की पातळ गाळ दुपटीहून जास्त उपसावा लागतो. आपल्या उदाहरणात २६ ऐवजी ६० घनमीटर, आणि तो दाट करायला वेगळी टाकी हवी.

रासायनिक गाळाचा हिशेब वेगळा

जैविक गाळ खाद्यावर अवलंबून असतो, रासायनिक गाळ गोणीवर. एक किलो तुरटीतून सुमारे पाव किलो कोरडा ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड तयार होतो. एक किलो हिराकशीतून सुमारे ३८० ग्रॅम लोहाचा हायड्रॉक्साइड. शिवाय पाण्यातून ओढलेले कण, रंग आणि चुन्यातले न विरघळलेले खडे यांची भर. हा गाळ लिबलिबीत असतो आणि पाणी धरून ठेवतो. रंगाई कारखान्यात रंग कापायला चुना-हिराकस अंदाजाने पडत असेल, तर गाळाचे डोंगर तिथूनच सुरू होतात. रोज सकाळी जार टेस्ट करून मात्रा ठरवणे हा गाळ कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

आम्लाच्या बाबतीत निवड जरा कठीण आहे. गंधकाम्ल चुन्याने मारले तर एका किलोमागे पावणेदोन किलो जिप्सम तयार होते. त्यातले लिटरमागे सुमारे दोन ग्रॅम पाण्यात विरघळलेले राहते, बाकीचे गाळात. त्याऐवजी कॉस्टिक वापरले तर गाळ होतच नाही, पण सोडियम सल्फेट पाण्यात विरघळून टीडीएस वाढतो. पुढे आरओ किंवा बाष्पीभवन यंत्र असेल तर तो भार तिथे मीठ होऊन बाहेर येतो. कमी गाळ म्हणजे कमी कचरा असे नेहमीच नसते.

एक चूक मात्र टाळण्यासारखी आहे. जागा किंवा पाइप वाचवण्यासाठी दोन्ही गाळ एकाच टाकीत सोडले जातात. धातू आणि रसायने असलेला थोडा गाळ चांगल्या जैविक गाळात मिसळला की सगळा ढीगच घातक ठरतो आणि विल्हेवाटीचा खर्च एकूण वजनावर लागतो.

पाणी काढणे: खरा खर्च इथे

गाळाच्या कामात बहुतेक खर्च पाणी वाहून नेण्याचा असतो. एक टन कोरडा गाळ १ टक्का दाटीवर असेल तर त्याचे आकारमान १०० घनमीटर. ४ टक्क्यांवर आणला की २५. २० टक्क्यांवर ५. म्हणजे साध्या थिकनरमध्ये नुसता बसू दिला तरी तीन चतुर्थांश ओझे उतरते. यंत्र विकणारे फिल्टर प्रेसबद्दल बोलतात, पण सर्वांत मोठी बचत बिनयंत्राच्या या पायरीवर होते.

पुढे लहान कारखान्यांत वाळू-खडीचे ड्राइंग बेड असतात. वीतभर जाडीचा थर ओतला की काही पाणी खाली झिरपते, काही उन्हात उडते आणि चांगल्या हवेत साधारण दोन आठवड्यांत खरवडण्याजोगा गाळ मिळतो. मराठवाड्यात किंवा विदर्भाच्या उन्हाळ्यात हे छान चालते. कोकणात, तळोजा-तारापूर-लोटेच्या पट्ट्यात, जून ते सप्टेंबर उघड्या बेडवर गाळ वाळत नाही, उलट पावसात पातळ होऊन वाहतो. नेमके याच महिन्यांत गाळ काढणे बंद पडते आणि पाण्याबरोबर गाळ जाऊ लागतो. तिथे बेडवर पारदर्शक पत्र्याचे छप्पर आणि वाऱ्याला मोकळी बाजू, किंवा सरळ फिल्टर प्रेस वा सेंट्रिफ्यूज, असाच विचार करावा लागतो. सेंट्रिफ्यूज किंवा बेल्ट प्रेसमधून जैविक गाळाचा केक साधारण १८ ते २५ टक्के घन भागाचा निघतो. प्लेट-फ्रेम फिल्टर प्रेसमधून रासायनिक गाळ ३० ते ४० टक्क्यांपर्यंत जातो.

यंत्राआधी पॉलीइलेक्ट्रोलाइट, म्हणजे ‘पॉली’, मिसळावे लागते. जैविक गाळाला सहसा कॅटायनिक आणि रासायनिक गाळाला ॲनायनिक लागते. उलटे पडले तर कितीही ओतले तरी पुंजके धरत नाहीत. भुकटी ०.१ ते ०.२ टक्क्यांच्या द्रावणात सावकाश ढवळून अर्धा-पाऊण तास मुरू द्यायची. वेगाच्या पंपाने किंवा पंख्याने घुसळली तर लांब साखळ्या तुटतात आणि महागडी पॉली वाया जाते.

प्रेसमधून गळणारे पाणी पुन्हा प्रकल्पाच्या सुरुवातीला सोडतात. ते पाणी काळे असेल तर काढलेला गाळच परत आत चालला आहे. प्रेस रोज चालते, केकही दिसतो, तरी एमएलएसएस उतरत नाही, असे कोडे पडले की आधी हे पाणी बाटलीत धरून पाहावे.

गाळ साठवणारी बंद टाकी हे या सगळ्यातले सर्वांत धोक्याचे ठिकाण. काही दिवस पडून राहिलेला गाळ सडतो आणि हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण १०० पीपीएमच्या आसपास गेले की नाकाला वास जाणवेनासा होतो. वास येत नाही म्हणून कोणी आत उतरतो आणि गाळ पायाने ढवळला की अडकलेला वायू एकदम सुटतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा टाकीत माणूस उतरवावाच लागू नये अशी पंपाची आणि गाळ ढवळण्याची सोय आधीच करायला हवी. उतरावेच लागले तर सर्व झाकणे उघडून पंख्याने हवा खेळवणे, वायुमापकाने तळापर्यंत तपासणे, कमरेला दोर व हार्नेस आणि बाहेर सतत लक्ष ठेवणारा माणूस, यातले काहीही सोडता येत नाही.

मुळात गाळ कमी करता येतो का?

येतो, पण बहुतेक वेळा तो उपाय ईटीपीच्या कुंपणाबाहेर, उत्पादन विभागात असतो. एक लिटर दुधाची बीओडी सुमारे १०० ग्रॅम भरते. दुग्धप्रकल्पात टँकर धुताना, पाइप बदलताना रोज १,००० लिटर दूध गटारात जात असेल, तर त्यातून १०० किलो बीओडी, ४० किलो कोरडा गाळ आणि २० टक्के दाटीचा २०० किलो केक तयार होतो. वर्षाला ७३ टन केक. पाइपमधले दूध पाण्याने ढकलण्याआधी हवेने काढून घेतले, नळीखाली बादली ठेवली, तर हे दूध वाचते आणि गाळही. ईटीपीच्या चालकाला हे माहीत असते, पण उत्पादनाच्या बैठकीला त्याला सहसा बोलावत नाहीत.

दाट सांडपाण्याला आधी बंद टाकीतली, बिनहवेची प्रक्रिया दिली तर गाळ बराच कमी होतो. तिथे जिवाणूंना मिळणारी ऊर्जा कमी असते आणि घाणीचा मोठा भाग मिथेन होऊन निघतो, त्यामुळे गाळ हवेच्या पद्धतीच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी होऊ शकतो. मद्यार्क प्रकल्पांत ही पद्धत रुळली आहे, कारण वायू बॉयलरला उपयोगी पडतो. यूएएसबी पद्धतीच्या टाकीत तर साबुदाण्यासारखे दाणेदार गाळ तयार होतात आणि नवा प्रकल्प सुरू करणारे ते विकत मागतात. जादा गाळाला गिऱ्हाईक मिळण्याचा हा दुर्मिळ प्रसंग.

‘गाळ खाणारे’ जिवाणू किंवा एन्झाइमच्या पाकिटांकडे मात्र सावधपणे पाहिलेले बरे. जिवाणूंच्या पेशींतला कार्बन नाहीसा व्हायचा तर त्याला प्राणवायू लागणार आणि तो ब्लोअरच्या विजेतूनच येणार. गाळ वेगळ्या टाकीत दोन-तीन आठवडे हवा देऊन पचवला तर त्यातला सेंद्रिय भाग साधारण तिसरा हिस्सा ते चाळीस टक्के घटतो, हे जुने आणि तपासलेले तंत्र आहे. माती, चुना, धातू यांचा भाग कोणत्याही पाकिटाने कमी होत नाही.

शेवटी जातो कुठे?

अमेरिकेतील मिलवॉकी शहर १९२६ पासून आपला सक्रिय गाळ वाळवून ‘मिलऑर्गनाइट’ या नावाने खत म्हणून विकते. गाळात नत्र भरपूर असतो, त्यामुळे ही कल्पना कारखानदारांनाही भुरळ घालते. दूध, फळप्रक्रिया, साखर अशा उद्योगांचा निव्वळ जैविक गाळ कंपोस्ट करता येतो, मात्र खत नियंत्रण आदेशातील धातूंच्या मर्यादा पाळल्या जात आहेत हे तपासावे लागते आणि संमतीपत्रात तशी परवानगी असावी लागते. रंग, औषधे, चामडे, धातुमुलामा यांच्या गाळाला ही वाट बंद आहे. तो शेतात ‘खत’ म्हणून टाकला तर क्रोमियम, जस्त, निकेल मातीतच राहतात.

घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत सांडपाणी प्रक्रियेतील रासायनिक गाळ ३५.३ या क्रमांकाखाली येतो. तो कारखान्यात सर्वसाधारणपणे ९० दिवसांहून जास्त साठवता येत नाही आणि बाहेर पाठवताना प्रत्येक खेपेसोबत मॅनिफेस्ट लागते. महाराष्ट्रात तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे अशा कचऱ्याची सामाईक केंद्रे आहेत. तिथे तो गरजेप्रमाणे स्थिर करून अस्तर घातलेल्या सुरक्षित भूभरावात जातो किंवा भट्टीत जाळला जातो. मोकळे पाणी सुटणारा गाळ तिथे चालत नाही. दुसरी वाट सिमेंट भट्टीची. क्लिंकर तयार होताना तापमान १,४५० अंशांच्या घरात असते, सेंद्रिय विषे जळतात आणि राख सिमेंटचाच भाग होते. पण ओला गाळ तिथे इंधन देण्याऐवजी खातो, कारण एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ५४० किलोकॅलरी लागतात. म्हणून भट्टीवालेही वाळलेलाच गाळ मागतात.

लहान कारखाने पाणी सामाईक प्रकल्पाला, म्हणजे सीईटीपीला, पाठवतात तेव्हा स्वतःकडे न काढलेला गाळही अनेकदा टँकर किंवा वाहिनीतून पुढे ढकलतात. तिथे दहा जणांचा गाळ एकत्र आल्यावर कोणाचा धातू कोणाच्या गाळात गेला हे ओळखणे अवघड होते, आणि विल्हेवाटीचा खर्च मात्र सगळ्यांच्या बिलात वाटला जातो.

गाळाच्या नोंदी खऱ्या आहेत का, हे पडताळण्यासाठी टाकी पाहावीही लागत नाही. वरच्या दुग्धप्रकल्पात रोज २०९ किलो, म्हणजे वर्षाला सुमारे ७६ टन कोरडा गाळ निघायला हवा. २० टक्के दाटीचा केक धरला तर ३८० टन. रासायनिक प्रकल्पात चुना-तुरटीच्या खरेदीच्या पावत्यांवरून तसाच अंदाज निघतो. पाण्याचे मीटर, बीओडीचे अहवाल आणि रसायनांची बिले एका बाजूला, गाळ उचलल्याच्या पावत्या दुसऱ्या बाजूला. थोडा फरक स्वाभाविक आहे. पण हिशेबात ३८० टन आणि पावत्या ४० टनांच्या, असे असेल तर बाकीच्या ३४० टनांची वाट शोधायला प्रकल्पाच्या मागच्या नाल्यापासून सुरुवात होते.